चोळीबांगडीच्या खाचरात फुटबॉल

मु. कळंब, ता. कर्जत
दि. ५ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
रामाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. भात कापून, झोडून घरात आलं. सौ. विमलचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. दत्ता रोज सकाळी भाजीचा टेंपो घेऊन तुमच्या चौक नाक्यावर येतो, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

भाऊबीजेला तू ओवाळलंस, करंज्यांचा डबा दिलास आणि यंदा वाल का आले नाहीत म्हणून विचारलंस. तेव्हा मी पाटावर बसून, कपाळाला तुझं कुंकू असताना, माव्याची कीड पडून गेले म्हणून सांगितलं. तुला फोनवर ऐकू येत नाही ते एका परीने बरंच आहे. आता जे लिहितो आहे ते तोंडाने सांगायची माझी छाती झाली नसती.

आक्का, मावा वगैरे काही पडला नव्हता. गेली दोन वर्षं मी वाल पेरलेच नाहीत. बाबांनी चोळीबांगडीसाठी तुझ्या नावावर केलेलं ते मोठं खाचर आहे ना, भात निघाल्यावर त्यात आपल्या गावच्या शाळेतल्या मुली फुटबॉल खेळतात. माझी नात, राजेशची अक्षदा, त्यांची गोलकीपर आहे. शाळेचं अंगण एवढंसं, त्यात बोअरवेल आणि सायकलींची शेड. खेळाच्या दर्शना मॅडम दहिवलीहून रोज येतात. त्यांनी महिनाभर बांधावर उभं राहून खाचर मागितलं. बहिणीला विचारून सांगतो म्हणालो, आणि तुला न विचारताच दुसऱ्या दिवशी हो म्हणून मोकळा झालो.

बरं, एवढं करून मुली जिंकतात म्हणावं तर तेही नाही. सात-सात जणींचे सामने असतात. दोन वर्षांत अकरा झाले आणि अकराही हरल्या. आता शाळा समितीने सांगून टाकलं आहे की यंदा पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या तर संघ बंद, फुटबॉलच्या तासाला स्कॉलरशिपचे वर्ग. सामना रविवारी, १६ तारखेला, तुमच्या चौकलाच आहे. समोर खोपोलीकडची मोठी निवासी शाळा आहे. तीन वर्षं चषक त्यांच्याच कपाटात आहे.

तोवर खाचर मोकळं ठेवू देशील का? वालाला लागणारी ओल तोवर टिकणं कठीण आहे, हे मला कळतं. खाचर तुझं आहे. तू नाही म्हणालीस तर त्याच दिवशी टोकायला घेतो.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही शिल्लक राहो.

तुझा अपराधी भाऊ,
रामा


मु. चौक, ता. खालापूर
दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. रामास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा सूनबाईला वाचून दाखवलं, म्हणजे घरात सगळ्यांना कळलं की आमचे बंधुराज सत्तरी गाठल्यावर खोटं बोलायला शिकले.

शिकलास तेही धड नाही. मागच्या वर्षी तू दोन पायली वाल पाठवलेस ते बाजारचे होते. आपल्या खाचरातला कडवा वाल भिजवला की साल चिमटीत सहज निघून येतं. तुझे ते वाल सोलताना नखं दुखली आणि शिजता शिजेनात. तेव्हाच मी सूनबाईला म्हटलं की हे आपले नव्हेत, रामा काहीतरी लपवतो आहे. मला वाटलं तू खाचर विकलंस. कळंबला आता जिथे तिथे रिसॉर्टच्या भिंती उठतात, त्यात माझंही गेलं असेल असं धरून चालले होते. वर्षभर तुला विचारायची भीती वाटायची, कारण तू हो म्हणाला असतास तर माझं माहेरच संपलं असतं.

त्यामुळे पोरींना खेळायला दिलं हे वाचून आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. राग अजून आहे, हे समजून अस. मला विचारलं असतंस तर मी काय खाऊन टाकलं असतं तुला?

लहानपणी लगोरीत तुझ्या हातून सातातला एक दगडसुद्धा कधी पडला नाही. त्यामुळे हरणाऱ्यांची कड तू घेणार, यात नवल नाही. पण मी तशी नाही. ऐक. १६ तारखेपर्यंत थांब. जिंकल्या तर पावसाळा येईपर्यंत खाचर त्यांचं, मी वालाचं नावसुद्धा काढणार नाही. हरल्या तर दुसऱ्या दिवशी टोकायला घे. ओल गेली असेल तर पाणी घाल, पण घे. मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी स्वतः बघायला जाणार आहे. अकरा वेळा हरलेला संघ दिसतो तरी कसा, ते एकदा डोळ्यांनी पाहू दे.

विमलला गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला ऊन करून बांधायला सांग. माया आहेच, तिचा गैरफायदा मात्र घेऊ नकोस.

तुझी,
आक्का


मु. कळंब
दि. १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू थांबायला सांगितलंस म्हणून सात दिवस थांबलो. आठव्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. आज मी वाल टोकले.

रागावण्याआधी पुढचं वाच. काल खाचरातली माती मुठीत दाबून पाहिली, सुटून पडायला लागली आहे. अजून दोन दिवस गेले असते तर पाणी घालूनही उपयोग नव्हता, एवढं पाणी मी आणणार कुठून? आणि काल संध्याकाळचा मुलींचा सरावही पाहिला. सातवीतल्या मुलांनी त्यांना चार गोल मारले. सातवीतल्या, आक्का. समीक्षा म्हणून त्यांची कॅप्टन आहे, वाडीवरची, ती एकटी जीव तोडून धावत होती. बाकीच्यांचे चेहरे आधीच हरल्यासारखे होते. घरी येऊन जेवताना मी हिशेब केला की संघ तर जाणारच आहे, निदान आक्काचे वाल तरी जाऊ नयेत.

आज मॅडमनी मुलींना विश्रांती दिली होती, खाचरात कुणी नव्हतं. सकाळपासून एकट्याने काठीने भोक पाडलं, दोन दाणे टाकले, टाचेने माती दाबली. संध्याकाळपर्यंत तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से झाले. गुरं शिरू नयेत म्हणून तोंडाशी काट्या लावून आलो. तुझी अट मुलींना ठाऊक आहे, हे टोकणं मात्र सांगितलेलं नाही.

उद्या मी सामन्याला येत नाही. अकराच्या अकरा सामन्यांना मी हजर होतो. परवा अक्षदाने हळूच सुचवलं की आजा, तुमी या टायमाला घरीच रावा. मी वाईट वाटून घेतलं नाही. दत्ताच उद्या टेंपोतून सगळ्यांना आणणार आहे, त्याच्याकडेच हे पत्र देतो.

पोरींकडे जरा मायेने बघ. हरल्या तर त्यांना घरी नेऊन चहा पाज. तुझा लोभ त्यांच्याही वाट्याला येऊ दे.

तुझा,
रामा


मु. चौक
दि. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. रामास,
अ. उ. आ.

जिंकल्या रे! दोन विरुद्ध एक!

अक्षदाने तुला फोन केलाच असेल, पण मी पाहिलं ते मला सांगू दे. मी लवकर जाऊन पुढे बसले. त्या निवासी शाळेच्या मुली आल्या त्या गुडघ्यापर्यंत पिवळे मोजे घालून, ओळीत, शिस्तीत. मग दत्ताच्या टेंपोतून आपल्या उतरल्या. मोजे कुणाचे काळे, कुणाचे निळे, एकीचा तर डावा एक आणि उजवा दुसरा. मी मनात म्हटलं, टोकायची काठी शोधायला हवी.

सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी गोल मारला. मला शिट्टी ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे मधूनच का थांबतात आणि पुन्हा का धावतात हे काही कळेना. पण एक गोष्ट कळली. यंदा त्या मैदानावर रोलर फिरलेला नाही, जागोजागी ढेकळं आणि खळगे. त्या पिवळ्या मोजेवाल्या मुली चेंडू जिथे यायला हवा तिथे जाऊन उभ्या राहायच्या. चेंडू तिथे यायचाच नाही. आपल्या पोरी मात्र तो ढेकळावर आपटून कुठे उडेल ते आधीच ओळखून तिकडे पोचायच्या. दोन वर्षं भाताच्या धसकटांत खेळल्यावर सरळ येणारा चेंडू त्यांना माहीतच नसेल! समीक्षाने असाच एक उडालेला चेंडू आत घातला. नंतर आणखी एक, तो कुणी घातला ते गर्दीत दिसलं नाही.

शेवटची पाच मिनिटं मी बघितलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. पदराआडून एक डोळा लावून होते. एवढ्यात त्यांची उंच मुलगी एकटीच गोलवर आली आणि आपली अक्षदा सरळ तिच्या पायात जाऊन पडली. उठली तेव्हा चेंडू तिच्या पोटाशी होता. मी ओरडले. किती मोठ्याने ते मला कळलं नाही, पण लाउडस्पीकरवाला मागे वळून बघायला लागला, असं सूनबाई म्हणते.

नंतर पोरी माझ्याकडे आल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या, मला एक अक्षर कळेना. मग अक्षदाने माझा तळहात धरून त्यावर बोटाने लिहिलं, खाचर? मी मान डोलावली. रामा, त्या पोरी रडायला लागल्या. चषक नाही, काही नाही, नुसतं खाचर मिळालं म्हणून. मग मीही रडले. त्या गडबडीत दत्ता नाचत होता, तू पत्र दिलंस की नाही ते त्याला विचारायचं राहूनच गेलं.

शब्द म्हणजे शब्द. खाचराला हात लावू नकोस. माझ्या वाट्याचे वाल मी या वर्षी आनंदाने सोडले.

त्या पोरींना माझे आशीर्वाद सांग आणि तूही घे, आज ओंजळभर जास्त आहेत.

तुझी,
आक्का


मु. कळंब
दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दत्ताने आज सकाळी दहाला दिलं. एव्हाना माझंही तुला मिळालं असेल. काय लिहू आणि कसं लिहू?

काल संध्याकाळी पाचला ओरडा ऐकू आला. टेंपो शाळेकडे न जाता थेट खाचराकडे वळला. मी धावत निघालो, पण माझं धावणं तुला माहीत आहे. पोचलो तेव्हा सगळ्या बांधावर उभ्या होत्या. तोंडाशी काट्या, आत माझ्या टाचांच्या ओळी. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. समीक्षाने बूट काढून हातात घेतले, वाल तुडवले जाऊ नयेत म्हणून खाचराला वळसा घालून बांधाबांधाने वाडीची वाट धरली. अक्षदाने रात्री ताट वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. अजून बोलत नाही.

आज दर्शना मॅडम आल्या. समितीचा सूर बदलला आहे, संघ राहणार. पुढचा सामना ३० तारखेला आहे. शिवाय जिल्ह्याच्या स्पर्धांसाठी संघाची नोंदणी होऊ शकते. तशी झाली की दर वर्षी समितीपुढे हात जोडायला नकोत. पण त्यासाठी सरावाचं मैदान आहे असं जमीनमालकाच्या सहीचं पत्र २१ तारखेपर्यंत लागतं. त्यांनी ते माझ्याकडे फार अदबीने मागितलं. मी त्यांना चहा दिला आणि बहिणीला विचारून सांगतो म्हणून परत पाठवलं.

पेरलेलं उकरायचं हे आपल्या घरात आजवर कुणी केलेलं नाही, माझा हात होत नाही. नाही उकरलं तर मैदान नाही. पण खरं दुखणं निराळंच आहे, आक्का. दोन वर्षं मी त्या पोरींचा पाठीराखा म्हणून मिरवलो, आणि त्या जिंकतील यावर साऱ्या गावात माझाच विश्वास नव्हता. त्यांनी ते बांधावरून आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

तू मोठी आहेस. सांग काय करू. लोभ कमी झाला असला तरी सल्ला मात्र पुरता दे.

तुझा,
रामा


मु. चौक
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. रामास,
अ. उ. आ.

काल सकाळी दारात दत्ताने एका हाताने माझं पत्र घेतलं आणि दुसऱ्या हाताने तुझं दिलं. रविवारी आनंदाच्या भरात ते टेंपोच्या कप्प्यात विसरला होता. वाचलं आणि कपाळाला हात लावला. आज तुझं दुसरं आलं आणि मला हसूच फुटलं. सूनबाई घाबरून पाणी घेऊन आली.

अरे शहाण्या, शनिवारी टोकलेस ना? उद्या बुधवारी चार दिवस होतील. ओल्या मातीत चार दिवस राहिलेल्या वालाचं काय होतं? मोड येतात. मोड आलेल्या वालाचं काय करतात, ते विमलला विचार! मी घरात कापडात बांधून मोड आणते, तू खाचरात आणलेस, एवढाच काय तो फरक. बी आपलं घरचं आहे, राखेत ठेवलेलं, त्याला औषध लावलेलं नाही. पेरलेलं उकरायचं म्हणून कशाला जिवाला लावून घेतोस? बिरड्याच्या उसळीसाठी वाल काढायचे आहेत असं समज.

मात्र तू एकट्याने उकरू नकोस. पोरींना हाक मार आणि कान धरून सांग की माझं चुकलं. मैदान त्यांचं आहे, त्यांनाच काढू दे. मीही येते. उद्या सकाळी दत्ता मला पुढच्या सीटवर बसवून आणणार आहे. सोलायला माणसं लागतील.

सोबत सहीचं पत्र आहे. मॅडमना दे. या शाळेतल्या मुली खेळतात तोवर भात निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंत मोठं खाचर त्यांचं, असं माझ्या हाताने लिहिलं आहे. अक्षर वाकडं आलं असेल, पण सातबाऱ्यावर नाव माझं आहे. राजेशलाही वाचून दाखव. उद्या तू आणि मी नसलो तरी तिथे कुणी रिसॉर्टची भिंत घालायला नको.

आणि विश्वास ठेवला नाही म्हणून उगाच झुरत बसू नकोस. अकरा वेळा हरलेल्या पोरींना बहिणीशी खोटं बोलून खाचर कुणी दिलं होतं? विश्वास एक दिवस डळमळला, दोन वर्षं नव्हे.

एक गोष्ट मला या पंधरवड्यात उमगली. वाल घरपोच येत होते, तू भाऊबीजेला येत होतास, त्यामुळे मी चार वर्षं माहेरची वाट चालले नाही. बाबांनी खाचर दिलं ते वालासाठी नव्हे, माझी पावलं तिकडे वळावीत म्हणून. आता बघायला काहीतरी आहे तिकडे, मी येत जाईन.

मोठं पातेलं घासून ठेव. माया आहे तशीच आहे, तिला मावा लागलेला नाही.

तुझी,
आक्का


मु. कळंब
दि. १ डिसेंबर २०२५, सोमवार

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू परत जाऊन अकरा दिवस झाले तरी घरात तुझाच विषय आहे. बिरडं दर्शना मॅडमनी तिसऱ्यांदा मागून घेतलं, हे आता दहिवलीपर्यंत पोचलं आहे. तू पोरींच्या मध्ये बसून सोलत होतीस तेव्हा समीक्षाने मला विचारलं होतं की आजीला इतंच ठेवून घेता येल का. मी म्हटलं, बाई, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. पोरींपुढे कान धरले तेव्हापासून अक्षदा बोलायला लागली आहे, आता थांबत नाही. नोंदणीचा कागद २१ तारखेलाच गेला, पोचपावती मॅडमनी मला दाखवली.

कालचा सामना आपण हरलो. तीन विरुद्ध एक. तुझ्या हुकमाप्रमाणे मी गेलो होतो, त्यामुळे हरल्या असं म्हणू नकोस. समोरच्या मुली खरोखरच चांगल्या खेळल्या. कर्जतहून घरी येऊन मी पडलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कागद झाला, खाचर झालं, पण खेळायला पोरीच आल्या नाहीत तर त्या कागदाचं काय करायचं? एका विजयाची हवा दोन आठवडे टिकते, हरल्यावर घरचे लोक पोरींना पुन्हा अभ्यासाला आणि कामाला बसवतात, हे मी पाहिलेलं आहे.

आज उजाडल्यावर खाचरावर गेलो. आत शेळ्या शिरल्या असतील तर हाकलाव्यात, एवढंच मनात होतं. एरवी सरावाला अकरा मुली असतात. आज मी बांधावर उभा राहून मोजल्या, तेवीस होत्या. पुन्हा मोजल्या, तेवीसच. वाडीवरच्या पाच जणी नव्या. नामाची बायको मुलीला खेळू देत नव्हती, मागच्या वर्षी तिने माझ्याशी त्यावरून भांडणही केलं होतं. ती आपल्या दोन्ही मुलींना हाताला धरून उभी होती. मला म्हणाली की भाऊ, नाव कुणाकडं लिवायचं असतंय, आमी उशिरा तर नाय ना आलो.

हरलेल्या संघात नाव लिहायला पोरी रांगेत उभ्या आहेत, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मॅडमकडे वही नव्हती. मग मीच माझ्या खिशातल्या कागदाच्या मागच्या बाजूला नावं लिहून घेतली. लिहिताना चष्मा ओला झाला, म्हणून अक्षदाने पुढची नावं लिहिली.

आक्का, संघ राहिला.

थंडी सुरू झाली आहे, शाल घेऊन ये. तुझी माया आता एकट्या रामाची राहिली नाही, तेवीस वाटेकरी झाले आहेत, तेव्हा जरा भरपूरच असू दे.

तुझा,
रामा